गणिताने पाहिलेले चित्र

२०१९ सालच्या एप्रिल महिन्यात जगभरच्या वर्तमानपत्रांच्या पहिल्या पानावर एकच चित्र झळकले होते. काळ्याभोर पार्श्वभूमीवर नारिंगी रंगाचे, काहीसे धूसर असे एक कडे. खालच्या अंगाला ते अधिक तेजस्वी. आणि मध्यभागी काळोख. एम-८७ नावाच्या दीर्घिकेच्या गाभ्यात असलेल्या कृष्णविवराची ती प्रतिमा होती. आमच्या एका स्नेह्यांनी ते पान आमच्यापुढे ठेवले आणि म्हणाले, "अहो, हा तर मेदुवडा! यासाठी एवढा गाजावाजा?" आम्हांला हसू आले. पण त्यांचा पुढचा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. त्यांनी विचारले, "हे छायाचित्र आहे, की कोणी कल्पनेने काढलेले चित्र? दुर्बिणीतून कोणाला असे काही दिसले तरी काय?"

याचे खरे उत्तर असे की, दुर्बिणीतून असे काही कोणालाही दिसले नाही; आणि तरीही ते कल्पनाचित्र नव्हे. ही दोन विधाने परस्परविरोधी वाटतात. त्यांचा मेळ कसा बसतो, हे सांगण्याचा येथे आमचा प्रयत्न आहे. नुसत्या तत्त्वांची चर्चा रूक्ष होईल, म्हणून ज्या संशोधिकेचे नाव या चित्राशी जोडले गेले, त्या डॉ. कॅथरिन बाउमन यांच्या कारकिर्दीच्या वाटेनेच आपण जाऊ. ही वाट कापडाच्या सुरकुत्यांपासून निघते, भिंतीच्या कोपऱ्यावरून वळते आणि साडेपाच कोटी प्रकाशवर्षे दूर जाऊन पोचते.

पाहणे म्हणजे काय?

आपली समजूत अशी असते की, भिंग समोर धरले, किरण आत आले, त्यांची प्रतिमा पडद्यावर उमटली, म्हणजे पाहणे झाले. साध्या कॅमेऱ्यापुरते ते खरेही आहे. परंतु आपल्यापैकी पुष्कळांनी इस्पितळात सीटी स्कॅनचे चित्र पाहिले असेल. मेंदूचा जणू आडवा काप घेऊन समोर ठेवला आहे, असे ते चित्र दिसते. असा काप कोणी घेतलेला नसतो आणि कोणत्याही भिंगाने तो पाहिलेला नसतो. यंत्र निरनिराळ्या दिशांनी क्ष-किरण सोडते आणि पलीकडे किती किरण पोचले, एवढेच मोजते. त्या हजारो मोजमापांवरून आत काय असले पाहिजे, याचा हिशेब संगणक मांडतो. या शोधासाठी अ‍ॅलन कॉरमॅक आणि गॉडफ्री हाउन्सफील्ड यांना १९७९ साली नोबेल पारितोषिक मिळाले. कॉरमॅक यांनी त्यामागचे गणित मांडले होते आणि हाउन्सफील्ड यांनी यंत्र सिद्ध केले होते.

तात्पर्य, निम्मे पाहणे यंत्राने करावयाचे आणि निम्मे गणिताने, अशी ही विद्या आहे. तिला संगणकीय प्रतिमाशास्त्र म्हणता येईल. या विद्येचा मूळ प्रश्न उलट्या दिशेचा आहे. वस्तू माहीत असताना तिची सावली कशी पडेल हे सांगणे सोपे. पण सावली पाहून वस्तू ओळखणे अवघड. भिंतीवर हरणाची सावली दिसली, तर ते हरीणही असेल किंवा कोणाच्या हाताची बोटेही असतील!

बाउमनबाईंना हे बाळकडू घरातच मिळाले असे म्हटले तरी चालेल. त्यांचा जन्म १९८९ सालचा, अमेरिकेतील इंडियाना राज्यातल्या वेस्ट लाफायेट या गावचा. त्यांचे वडील चार्ल्स बाउमन तेथील पर्ड्यू विद्यापीठात प्राध्यापक, आणि त्यांचाही विषय हाच. शाळेत असतानाच कन्येने त्या विद्यापीठात प्रतिमांवरील संशोधनात हात घातला. पुढे २०११ साली मिशिगन विद्यापीठाची विद्युत अभियांत्रिकीतील पदवी घेऊन त्या मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या विख्यात संस्थेत दाखल झाल्या. तेथे विल्यम फ्रीमन यांच्या मार्गदर्शनाखाली त्यांचे संशोधन झाले.

कापड आणि कोपरा

त्यांनी आरंभी हाती घेतलेला विषय ऐकून आपणांस नवल वाटेल. वाऱ्यावर हलणाऱ्या कापडाचे चलच्चित्र पाहून ते कापड किती जड आहे आणि किती ताठ आहे, हे सांगता येईल काय? आपल्या घरातील गृहिणीला हे न शिकता येते. दोरीवर वाळत घातलेले लुगडे आणि शेजारची सतरंजी यांत वारा कसा खेळतो, हे लांबून पाहूनच तिला कापडाचा पोत कळतो. हात लावावा लागत नाही. बाउमनबाईंनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी तीस प्रकारची कापडे टांगून त्यांवर पंख्याचा वारा सोडला, त्यांची चित्रे घेतली आणि कापडाच्या हालचालीतून त्याचे वजन व ताठपणा ओळखण्यास संगणकाला शिकवले. हे काम २०१३ साली प्रसिद्ध झाले.

हा खेळ नव्हे. चित्रात जे दिसते, त्याच्या मागे जे दिसत नाही ते दडलेले असते, आणि त्या दोहोंना जोडणारा निसर्गनियम ठाऊक असेल तर एकावरून दुसऱ्याकडे जाता येते, हा धडा त्यात आहे. त्यांची पुढची सारी कारकीर्द या एका धड्याची उजळणी आहे.

२०१७ साली प्रसिद्ध झालेला दुसरा प्रयोग याहून चमत्कारिक आहे. भिंतीच्या कोपऱ्यापलीकडे कोणी उभे आहे काय, हे अलीकडून कळावे, असा तो प्रश्न. आपण म्हणाल, त्यासाठी आरसा लागेल. पण कोपऱ्याच्या पायथ्याशी असलेल्या जमिनीकडे पाहा. पलीकडून येणारा प्रकाश भिंतीच्या कडेमुळे अडतो आणि जमिनीवर एक अंधूक उपच्छाया पडते. भिंतीलगतच्या जमिनीवर पलीकडच्या जागेचा फक्त थोडासा भाग प्रकाश टाकतो. जसजसे भिंतीपासून बाजूला यावे तसतसा अधिक भाग प्रकाश टाकू लागतो. म्हणजे ती जमीन पलीकडच्या दृश्याचा दिशावार हिशेबच मांडीत असते. पलीकडे कोणी चालू लागले, की त्या उपच्छायेत फरक पडतो. तो फरक हजारात एक भाग इतका सूक्ष्म! डोळ्याला तो कदापि जाणवणार नाही. परंतु साध्या कॅमेऱ्याने घेतलेल्या चलच्चित्रातून स्थिर भाग वजा केला आणि उरलेल्या फरकाचे गणित मांडले, तर पलीकडे एक माणूस आहे की दोन आणि ते कोणत्या दिशेने चालले आहेत, हे कळते. चेहरा मात्र कळत नाही.

हे शेवटचे वाक्य महत्त्वाचे आहे. जमिनीवरील उपच्छायेत चेहऱ्याची माहिती नसतेच, मग ती निघणार कोठून? काय कळू शकते आणि काय कळू शकत नाही, याची सीमा आखता येणे हे या विद्येतील प्रामाणिकपणाचे पहिले लक्षण होय.

चंद्रावरचे मोसंबे

आता कृष्णविवराकडे वळू. एम-८७ मधील कृष्णविवराचे वस्तुमान आपल्या सूर्याच्या सुमारे ६५० कोटी पट आहे. स्वतः कृष्णविवर प्रकाश सोडीत नाही, पण त्याच्याभोवती गरगरणारा तप्त वायू झळाळतो आणि मध्ये कृष्णविवराची छाया उरते. हे कडे इतके दूर आहे की, आपल्याला ते चंद्रावर ठेवलेल्या मोसंब्याएवढेच दिसावे.

दुर्बिणीचे तोंड जितके रुंद तितकी ती बारीक गोष्ट पाहू शकते. ज्या तरंगांनी हे कडे पाहावयाचे, त्यांची लांबी १.३ मिलिमीटर. त्यासाठी हिशेबाने पृथ्वीएवढी तबकडी लागते. ती कोण बांधणार? म्हणून युक्ती अशी काढली की, एवढा मोठा आरसा फुटला आहे आणि त्याचे मोजके तुकडेच आपल्या हाती आहेत, असे समजावयाचे. २०१७ सालच्या एप्रिलमध्ये हवाई, अ‍ॅरिझोना, मेक्सिको, चिली, स्पेन व दक्षिण ध्रुव अशा सहा ठिकाणच्या आठ दुर्बिणी एकाच वेळी कामाला लागल्या. दक्षिण ध्रुवावरून एम-८७ दिसत नाही. तेथील दुर्बिणीचा उपयोग इतर निरीक्षणांना व जुळणीला झाला. प्रत्येक ठिकाणी हायड्रोजन अणूंवर चालणारे अतिसूक्ष्म घड्याळ होते. नोंदी इतक्या प्रचंड झाल्या की तारेने पाठवणे अशक्य. तबकड्यांची खोकी विमानांनी आणावी लागली. ध्रुवावरची खोकी तर तेथला हिवाळा संपेपर्यंत अडकून पडली आणि वर्षअखेरीस हाती आली.

ही युक्ती आपल्याला परकी नाही. पुण्याहून नाशिकच्या रस्त्याने जाताना नारायणगावच्या जवळ खोडद येथे पंचेचाळीस मीटर व्यासाच्या तीस तबकड्या आहेत. प्रा. गोविंद स्वरूप यांच्या नेतृत्वाखाली उभी राहिलेली ही महाकाय दुर्बीण सुमारे पंचवीस किलोमीटरांच्या परिसरात पसरलेली असून, साऱ्या तबकड्या मिळून एकाच मोठ्या दुर्बिणीचे काम करतात. ती मीटरभर लांबीच्या तरंगांसाठी आहे, त्यामुळे कृष्णविवराच्या या कामात तिचा भाग नव्हता. पण तत्त्व तेच.

दुर्बिणींची एक जोडी नेमके काय मोजते? कोणतेही चित्र उभ्या, आडव्या, तिरप्या, जाड आणि बारीक पट्ट्यांनी विणलेले आहे अशी कल्पना करा. जसे लुगडे ताण्याबाण्याने विणलेले असते. एक जोडी त्यातला एका दिशेचा आणि एका जाडीचा पट्टा किती ठळक आहे, एवढेच सांगते. पृथ्वी जात्याच्या पाळीसारखी फिरत असल्यामुळे रात्रभरात त्या जोडीची दिशा बदलत जाते आणि आणखी काही पट्टे कळतात. तरीही बहुतेक धागे गहाळच राहतात.

त्यात हवेची आडकाठी. प्रत्येक दुर्बिणीवरच्या हवेतील बाष्प तरंगांना कमीजास्त उशीर लावते. यावरची तोड रॉजर जेनिसन या इंग्रज शास्त्रज्ञाने १९५८ साली दाखवून ठेवली होती. समजा, तीन मित्रांनी एक घटना कोणाकडे किती उशिरा पोचली हे आपापल्या घड्याळांवरून लिहिले, आणि पहिल्याचे घड्याळ पाच मिनिटे पुढे आहे. पहिला व दुसरा यांच्या वेळांतील फरकात ही पाच मिनिटे मिळतील, पण तिसरा व पहिला यांच्या फरकात तीच पाच मिनिटे वजा होतील. तिन्ही फरकांची बेरीज केली की, घड्याळाची चूक आपोआप गळून पडते. दुर्बिणींचे तीन-तीनांचे गट करून हवेची चूक अशीच गाळता येते. बाउमनबाईंनी २०१६ साली मांडलेल्या रीतीत या कल्पनेचा चांगला उपयोग करून घेतला होता.

गहाळ अक्षरे

एवढे करूनही मुख्य अडचण शिल्लक राहतेच. हाती असलेल्या मोजमापांशी जुळणारी चित्रे एक नव्हे, असंख्य निघतात. त्यांतले खरे कोणते?

आमच्या इतिहाससंशोधकांना ही अडचण चांगली ठाऊक आहे. ताम्रपटाचा कोपरा झिजला आहे किंवा मोडी पत्राला कसर लागून चार अक्षरे गेली आहेत. जाणता वाचक ती अक्षरे भरतो. काळ, भाषा आणि लेखकाची धाटणी यांवरून भरतो. पण मनात आधीच एखादा सिद्धांत धरून बसलेला वाचक आपल्याला हवे तेच नाव तेथे वाचतो! पत्र तेच, अक्षरे तीच. पण एकाच्या वाचनाला इतिहास म्हणावे लागते आणि दुसऱ्याच्या वाचनाला आग्रह.

दुर्बिणींच्या नोंदींतील गहाळ जागा भरतानाही काही गृहीत धरावेच लागते. प्रतिमा शक्य तितकी साधी असावी, तिच्यात उगाच खडबडीतपणा नसावा, अशी ती गृहीते असतात. या प्रश्नाचा ऊहापोह जुना आहे. रमेश नारायण आणि राजाराम नित्यानंद या दोघा भारतीय शास्त्रज्ञांनी १९८६ साली त्याच्या एका शाखेचा सविस्तर आढावा घेतला होता. त्यांपैकी नित्यानंद यांनी पुढे पुण्याच्या राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्राची धुरा वाहिली. बाउमनबाईंचा प्रश्न असा होता की, आपली गृहीतेच चित्रात उमटत नाहीत कशावरून? कृष्णविवराभोवती कडे असावे हे सिद्धांताने आधीच सांगून ठेवले होते. तेव्हा सर्वांनाच कडे हवे होते, आणि हवे असलेले दिसणे ही माणसाची जुनी खोड आहे.

त्यांनी आपल्या रीतीत चित्राचे लहान लहान तुकडे जुळवण्याची योजना केली. हे तुकडे कृष्णविवराच्या काल्पनिक चित्रांतूनही घेतले आणि रोजच्या साध्या छायाचित्रांतूनही घेतले. तुकडे कोठलेही घेतले तरी जुळून येणारी आकृती जवळजवळ तीच राहिली, तर ती नोंदींमधून आलेली आहे, तुकड्यांमधून नव्हे, असे मानण्यास जागा होते.

आपणच आपली परीक्षा

२०१८ साली नोंदी हाती आल्यावर जी दक्षता घेतली गेली, ती आमच्या मते या सर्व कथेचा गाभा आहे. प्रतिमा काढणाऱ्यांचे चार गट करण्यात आले. कोणी कोणाशी बोलावयाचे नाही, आपले चित्र दुसऱ्याला दाखवावयाचे नाही. काही आठवड्यांनी, जुलै महिन्यात, सारे एकत्र जमले आणि चारही चित्रे शेजारी शेजारी ठेवली. चारांतही कडे होते. चारांतही खालची बाजू उजळ होती.

तेवढ्यावर कोणी पेढे वाटले नाहीत. पुढे कित्येक महिने आपल्याच चित्राला खोटे पाडण्याचा प्रयत्न चालला. बाउमनबाई या तपासणीच्या कामात अग्रभागी होत्या. संगणकावर मुद्दाम खोटी आकाशे रचली: कोठे कडे, कोठे चंद्रकोर, कोठे भरीव तबकडी, कोठे नुसते दोन ठिपके. त्यांच्या नोंदी खऱ्या दुर्बिणींना जशा मिळाल्या असत्या तशा बनवल्या आणि त्यांतून चित्रे काढून पाहिली. भरीव तबकडीच्या नोंदींतून जर कडे निघाले असते, तर सारा डाव मोडला असता. ते निघाले नाही. तबकडीची तबकडीच निघाली. त्याआधीच्या एका सरावात तर कृष्णविवराऐवजी बर्फाच्या बाहुल्याचे चित्र नोंदींत दडवून संशोधकांना चकवण्याचा प्रयत्न झाला होता. अखेरचे जाहीर चित्र तीन वेगवेगळ्या रीतींनी काढलेल्या प्रतिमांची सरासरी आहे, आणि बाउमनबाईंची २०१६ सालची रीत त्या तिघींत नाही. आपली स्वतःची रीत बाजूला राहिली तरी तपासणीच्या कामात त्या शेवटपर्यंत होत्या, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे.

१० एप्रिल २०१९ रोजी ते चित्र जाहीर झाले. त्याच दिवशी संगणकासमोर बसून आनंदाने तोंडावर हात धरलेल्या बाउमनबाईंचे छायाचित्रही जगभर गेले, आणि लोकांनी सारे श्रेय त्यांना देऊन टाकले. लागलीच दुसरी लाट आली: त्यांनी काहीच केले नाही, खरे काम एका पुरुष सहकाऱ्याचे, असा कांगावा सुरू झाला. ते सहकारी, अँड्र्यू चेल, स्वतः पुढे आले आणि हा आरोप निराधार असल्याचे त्यांनी जाहीरपणे सांगितले. बाउमनबाईंनीही स्पष्ट केले की, हे चित्र कोणा एका माणसाचे किंवा एका रीतीचे नाही. दोनशेहून अधिक शास्त्रज्ञांचे ते काम होते. आपल्याकडेही देवळाचा कळस चढवणाऱ्याचे नाव राहते आणि पाया भरणारे विसरले जातात. पण कळस चढवणाऱ्यानेच पायाकडे बोट दाखवावे, असे क्वचित घडते.

मग शंका संपल्या काय? नाही, आणि संपू नयेत. नोंदी सर्वांना खुल्या करण्यात आल्या होत्या. २०२२ साली मकोतो मियोशी या जपानी शास्त्रज्ञाने व त्यांच्या सहकाऱ्यांनी, याच नोंदींतून कडे निघत नाही, निराळीच रचना निघते, असे प्रतिपादन केले. मूळ शास्त्रज्ञांनी त्याला सविस्तर उत्तर दिले. इतर काहींनी स्वतंत्रपणे हिशेब मांडून कड्याला दुजोरा दिला. सर्वांत भक्कम साक्ष आकाशानेच दिली. २०१८ सालच्या नव्या निरीक्षणांत ग्रीनलंडमधील आणखी एक दुर्बीण सामील झाली होती. त्यांचे चित्र २०२४ च्या जानेवारीत प्रसिद्ध झाले. कड्याचा आकार तोच होता. मात्र उजळ भाग सुमारे तीस अंशांनी सरकला होता. कृष्णविवर जागचे हलत नाही, पण भोवतालचा वायू खळबळत असतो, तेव्हा असेच घडावयास हवे.

मधल्या काळात, २०१९ साली, बाउमनबाई कॅलिफोर्निया इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमध्ये अध्यापक झाल्या होत्या. १२ मे २०२२ रोजी आपल्याच आकाशगंगेच्या मध्यावरील कृष्णविवराचे चित्र जाहीर झाले. ते कितीतरी जवळ, पण कितीतरी लहान. त्याभोवतीचा वायू काही मिनिटांतच फेरी पुरी करतो, त्यामुळे चित्र घेत असतानाच ते बदलते. चुळबुळणाऱ्या पोराचा फोटो काढण्यासारखाच तो प्रकार!

आमच्या स्नेह्यांचा प्रश्न

आता आमच्या स्नेह्यांच्या प्रश्नाकडे परत येऊ. नारिंगी रंग खरा नाही. त्या तरंगांना डोळ्याला दिसणारा रंगच नसतो, तो आपण दिलेला. पण कड्याचा आकार, मधला काळोख आणि एका बाजूची झळाळी ही नोंदींनी दिलेली आहे. तेव्हा ते छायाचित्र नव्हे आणि कल्पनाचित्रही नव्हे. ती कसून उलटतपासणी झालेली साक्ष आहे.

हे सांगण्याचे आजच कारण आहे. पूर्वी छायाचित्र म्हटले की वाद मिटत असे. आज संगणक कधीच न घडलेल्या प्रसंगाचे चित्र क्षणात काढून देतो, आणि ते हुबेहूब असते. गणित दोन्हीकडे आहे. फरक गणितात नाही, ते वापरणाऱ्याच्या वृत्तीत आहे. एकाला चित्र पटवून द्यावयाचे असते. दुसरा ते खोटे तर नाही ना, हे आधी स्वतः पाहतो. म्हणून यापुढे एखादे चित्र समोर आले, तर ते किती सुंदर आहे हे पाहण्याआधी आपण तीन गोष्टी विचाराव्यात: प्रत्यक्ष काय मोजले? मधल्या जागा कशाने भरल्या? आणि ते चुकीचे ठरेल अशी कोणती परीक्षा त्याने दिली?

आमच्या स्नेह्यांनी हे सर्व शांतपणे ऐकून घेतले, पुन्हा एकदा ते पान निरखले आणि म्हणाले, "असेल. पण दिसतो मेदुवडाच!" त्यालाही आमची हरकत नाही. पाहणाऱ्याने आपले गृहीत उघडपणे सांगितले, म्हणजे झाले.